पेठेत राहतं कोण?

सदाशिव पेठेत सकाळी सहा वाजता रस्त्यावर जी माणसं दिसतात, त्यांतल्या फार थोड्यांच्या रेशनकार्डावर पुणे असेल. पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली, डोळ्यांत अपुरी झोप. चहाच्या टपरीवर कान दिला तर जिंतूर, केज, मुखेड, मेहकर, चोपडा असा सगळा नकाशा ऐकू येतो. ही स्पर्धा परीक्षांची पोरं अभ्यासिकेकडे निघालेली असतात. पेठेतले जुने रहिवासी त्याच वेळी दूध आणायला खाली उतरतात. दोघं एकाच फुटपाथवरून जातात. बोलणं होत नाही, आणि झालंच तर भाड्यावरून होतं.

ते बोलणं थोडं लांबलं तर काय निघेल, याची मला बरीच वर्षं उत्सुकता आहे. पुढचा संवाद एका दुपारी एका ठिकाणी झालेला नाही. या भागात वावरताना कानावर पडलेलं, काही मुद्दाम उकरून काढलेलं, मी दोघींच्या तोंडी घातलं आहे. काकू सत्तरी ओलांडलेल्या. वाडा पाडून बांधलेल्या चारमजली इमारतीत मालकांच्या वाट्याची दोन घरं त्यांच्याकडे आली. एकात त्या एकट्या राहतात, दुसऱ्यात सहा कॉट आहेत. मुलगी परभणी जिल्ह्यातली, सत्ताविशीची, त्यांतल्या खिडकीजवळच्या कॉटवरची.

काकू : पूर्वी संध्याकाळी या गल्लीत पोरांचा नुसता दंगा असायचा. आता बघ, चेंडू नाही की सायकल नाही. दिसतात ती सगळी पंचविशीची, खाली मान घालून चालणारी.

मुलगी : मान खाली घालून नाही काकू, पाठ करत चालतो. घटनादुरुस्त्या.

काकू : तेच म्हणते मी. वस्तीतला माणूस कसा, चार खिडक्यांकडे बघत चालतो. ही धर्मशाळा झालीये नुसती.

मुलगी : धर्मशाळेत पैसे घेत नाहीत.

काकू : घेते मी पैसे, लपवत नाही. हिशेब ऐक. हे घर कुटुंबाला दिलं तर चौदा हजार मिळतात, तेही दर अकरा महिन्यांनी घासाघीस करून. सहा कॉटचे अठरा येतात. वरच्या चार हजारांत माझी औषधं आणि सोसायटीचा मेंटेनन्स निघतो. पेन्शनच्या भरवशावर राहिले असते तर ही जागा विकून कधीच मुलाकडे गेले असते.

मुलगी : मग गल्लीत लहान मुलं दिसत नाहीत याचं नवल का वाटतं तुम्हाला? पोरंबाळं असलेलं घर सहा कॉटांएवढं भाडं देणार कुठून?

काकूंकडे याला उत्तर नाही. पेठेत कुणाकडेच नाही. दोन खोल्यांच्या घराला कॉटच्या हिशेबाने भाव मिळायला लागला की नवराबायको आणि एक मूल हे गिऱ्हाईक बाजारातून आपोआप बाद होतं. ते बाद झालं की खालच्या किराणा दुकानातली तेलाची पिंपं हळूहळू हलतात आणि तिथे झेरॉक्सचं मशीन येतं, कारण कॉटवर राहणारा माणूस पाच किलो तांदूळ नेत नाही, नोट्सच्या दोनशे पानांच्या प्रती नेतो. शेजारच्या तळमजल्यावर लाकडी कप्पे पाडून अभ्यासिका होते. पेठेत शाळांना तोटा नाही. नूमवि 1883 सालची, शिवाय रेणुका स्वरूप, पेरुगेटचं भावे हायस्कूल. पण शाळा सुटल्यावर बरीचशी मुलं व्हॅनमध्ये बसून नदीपलीकडे जातात. शाळा इथे, बालपण तिकडे.

हे सगळं परीक्षेच्या पोरांनी केलं, असं पेठेत सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. पोरं येण्याच्या कितीतरी आधी पेठ रिकामी व्हायला लागली होती, आणि काकूंना ते माहीत आहे, कारण त्यांचं स्वतःचं या घरात येणं त्याच गोष्टीतलं आहे.

काकू : पानशेत फुटलं तेव्हा मी आठ वर्षांची होते. 12 जुलै 1961. आम्ही नारायण पेठेत राहायचो, नदीच्या अंगाला. सकाळी धरण फुटल्याची बोंब झाली. आधी कुणाला खरंच वाटेना. मग पाणी आलं ते लकडी पूल गिळूनच. आमचा वाडा मातीचा. बसला तो उठलाच नाही. कुणी गोखलेनगरला गेले, कुणी सहकारनगरला. वडिलांना लांब जायचं नव्हतं, म्हणून इथे या वाड्यात दोन खोल्यांचं बिऱ्हाड केलं. पुढे वाड्याच्या मालकांकडेच माझं लग्न झालं. बिऱ्हाडकरूची मुलगी मालकीण झाली म्हणून वाड्यात वर्षभर चर्चा होती.

मुलगी : म्हणजे तुम्ही पण पेठेत बाहेरूनच आलात की. भाड्यानं.

काकू : बाहेरून काय! लक्ष्मी रस्ता ओलांडला फक्त.

मुलगी : सामान हातगाडीवरून आणलं असेल ना?

काकू : पुरातून वाचलं ते एका हातगाडीत मावलं.

पुराने नदीकाठच्या पेठांमधली माणसं विस्कटली. उरलेलं काम भाड्याच्या कायद्याने आणि भावकीने केलं. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याखाली जुनी भाडी गोठली. महिन्याला हॉटेलातल्या एका जेवणाइतकंही भाडं न येणाऱ्या वाड्याची कौलं मालक कशाला बदलेल? आणि एवढ्या भाड्यात मंडईच्या जवळ राहायला मिळत असेल तर बिऱ्हाडकरू जागा कशाला सोडेल? 1999 साली नवा कायदा आला तरी जुन्या बिऱ्हाडांचं गणित फारसं बदललं नाही. मालकाच्या पुढच्या पिढीत एका वाड्याचे नऊ वारस झाले, त्यांतले दोघे परदेशात, एकाचा पत्ता नाही. मग वाडा वाट बघत उभा राहतो, दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस दारावर लागते, आणि एके दिवशी मागची भिंत खाली येते. ज्यांना जमलं त्यांनी कोथरूडला फ्लॅट घेतले. काकूंच्या मुलानेही घेतला. रविवारी तो आईकडे येतो तेव्हा गाडी लावायला जागा नाही म्हणून मेट्रोने डेक्कनपर्यंत येतो आणि पुढे चालत. पेठेत वाढलेल्या माणसाला पेठेत यायला हा असा वळसा पडतो.

राहता राहिला बाहेरच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न. पेठेला ते नवे नाहीत. अनाथ विद्यार्थी गृह 1909 सालचं, आज आपण त्याला पुणे विद्यार्थी गृह म्हणतो. तिथली मुलं झोळी घेऊन घरोघर माधुकरी मागत आणि शिकत. मुलींसाठी लक्ष्मी रस्त्यावर 1884 पासून हुजूरपागा आहे. रमाबाई रानड्यांचं सेवासदनही 1909 चंच. तिथे वसतिगृहात राहून नर्स आणि शिक्षिका होणाऱ्या बायका पुण्याबाहेरून येत, त्यांतल्या कित्येकींना सासर-माहेर दोन्ही सुटलेलं असे. परक्या गावातून येऊन पेठेत पाठ टेकायला जागा शोधणं ही शंभर वर्षांहून जुनी रीत आहे.

काकू : सासूबाई सांगायच्या, त्यांच्याकडे बुधवारचा मुलगा असायचा. सात घरी सात वार लावून जेवायचा तो. पानात तूप वाढलं की नाही ते सासूबाई स्वतः बघायच्या. पुढे तो मामलेदार झाला आणि पेढे घेऊन आला. तुमच्यासारखं नव्हतं तेव्हा, मेसचं कार्ड दाखवा नि वाढून घ्या.

मुलगी : कार्ड बरं की काकू. त्या मुलाचं आडनाव विचारून मगच वार मिळायचा ना?

काकू : विचारायचे. तेव्हा सगळीकडेच विचारायचे.

मुलगी : मलाही विचारलं. खोली शोधत फिरत होते तेव्हा एका घरी आडनाव सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे कोण?” दुसरीकडे काही बोलले नाहीत, पण दुपारी पाहिलेली कॉट संध्याकाळी भरलेली होती.

काकू : मी नाही हं विचारलं.

मुलगी : तुम्ही विचारलं होतं, “मूळचे कुठले?” मी म्हटलं परभणी. तुम्ही म्हणालात, “तसं नाही गं.”

काकू : मग?

मुलगी : मग तुमचा फोन वाजला आणि ते राहून गेलं.

काकू हसल्या. मुलगी हसली नाही. जुन्या पेठेच्या माणुसकीच्या गोष्टी मीही ऐकत मोठा झालो आहे आणि त्या खोट्या नाहीत. बुधवारच्या मुलाच्या पानात तूप खरंच पडलं असणार. पण त्या पंक्तीत बसता येणं हे आधीच ठरलेलं होतं, आणि परभणीच्या या मुलीच्या पणजोबांचा तिथे नंबर लागला नसता. आज ती त्याच पेठेत महिन्याला तीन हजार देऊन खिडकीजवळ झोपते. यात काकूंचं मोठेपण कमी आणि सहा कॉटांच्या हिशेबाचं जास्त असेल. असो. तिला त्याने काही फरक पडत नाही आणि मलाही पडत नाही.

काकू : तुम्ही किटलीत अंडी उकडता.

मुलगी : कोण म्हणालं?

काकू : चाळीस वर्षं स्वयंपाक केलाय मी या इमारतीत. जिन्यात वास येतो. मी काही म्हणत नाही, फक्त टरफलं माझ्या डब्यात टाकू नका. ओला-सुका कचरा नेणाऱ्या बाई मला विचारतात, काकू, तुम्ही कधीपासून?

मुलगी : मेसमध्ये प्रोटीन म्हणजे आमटी. ग्राउंडची तयारी करणाऱ्या मुलींनी काय खावं?

मेसचा विषय निघाला म्हणून सांगतो. गल्लीच्या टोकाला मेस चालवणाऱ्या मावशी बार्शीकडच्या. नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा दोन मुलं घेऊन आल्या आणि एका वाड्याच्या मागच्या खोलीत पोळ्या लाटायला बसल्या. पेठ बिघडली की सुधारली, असं त्यांना विचारलं तर त्या तुमच्याकडे अशा बघतात की हा माणूस जेवायला आलाय की गप्पा मारायला. त्यांचं पंचांग लोकसेवा आयोगाकडून येतं. जाहिरात आली की ताटं वाढतात. पूर्वपरीक्षेचा निकाल लागला की निम्मी गावाकडे जातात. परीक्षा पुढे गेली की पोरं थांबतात, पण डबा दोघांत एक घ्यायला लागतात. आयोगाच्या एका परिपत्रकाने बार्शीच्या बाईच्या घरातला गॅस मोठा किंवा बारीक होतो. पेठेच्या अर्थव्यवस्थेबद्दल यापेक्षा नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

काकू : आणि ती आंदोलनं? शास्त्री रस्ता अडवून बसतात. दवाखान्यातून येताना मला रिक्षा मिळेना. गुडघे धरून चालत आले मी.

मुलगी : कधीचं म्हणता? मार्च एकवीसचं का चोवीसचं?

काकू : मला काय तारखा पाठ आहेत तुमच्यासारख्या?

मुलगी : मला आहेत. 14 मार्च 2021 ला पूर्वपरीक्षा होती. 11 तारखेला सांगितलं, पुढे ढकलली. तीन दिवस आधी! त्याच्या आधीही ढकलली होतीच. आम्ही रस्त्यावर बसलो, मग 21 तारखेला घेतली. ऑगस्ट चोवीसमध्ये बँकेची आणि राज्यसेवेची एकाच दिवशी आली, 25 तारखेला. परत बसलो, परत बदलली. रस्त्यावर बसल्याशिवाय तारीख मिळत नाही, हे आम्हाला कुणी शिकवलं?

काकू : पण रस्ता आमचा अडवता.

मुलगी : दुसरा कुठला अडवणार? आम्ही राहतो इथे.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं आहे. वर्षानुवर्षं एकाच गल्लीत झोपणारा, जेवणारा, आजारी पडणारा माणूस “मी राहतो इथे” म्हणाला तर त्यात खटकण्यासारखं काही नसावं. पण पेठेतल्या बहुतेकांना ते खटकतं. राहणं म्हणजे दारावर पाटी, गणपतीची वर्गणी आणि मतदारयादीत नाव, अशी त्यांची समजूत आहे. मतदारयादीचं तर बघाच. काकूंच्या मुलाचं नाव अजून पेठेच्या यादीत आहे. 2023 च्या फेब्रुवारीत कसब्याची पोटनिवडणूक झाली, तेव्हा तो कोथरूडहून मत द्यायला आला, आईकडे जेवला आणि परत गेला. मुलीचं नाव परभणीच्या गावात. एसटीच्या गर्दीत रात्र काढून ती तिकडे जाऊन मत देते. थोडक्यात, जो पेठेत राहत नाही तो पेठेचा कारभार कुणी करायचा ते ठरवतो आणि जी राहते ती गावाचा. पाण्याचा दाब कमी झाला, फुटपाथ उखडला, रात्री दिवे गेले, तर त्रास हिला आणि नगरसेवकाला जाब विचारायचा हक्क त्याला. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर बराच काळ नगरसेवकच नव्हते, तेव्हा तोही प्रश्न मिटला होता म्हणा.

काकू : नाव इथे लावून घे की मग. अडवलंय कुणी?

मुलगी : पत्त्याचा पुरावा लागतो. तुम्ही भाडेकरार करून द्याल?

काकू : सहा जणींचे सहा करार? पोलिसांकडे नोंद केलीये तेवढी पुरे.

मुलगी : बघा. पोलिसांच्या वहीत आहे मी. मतदारयादीत नाही.

लॉकडाऊनचा विषय दोघींमध्ये कधी सरळ निघत नाही, तो आडून येतो. 2020 च्या मार्चमध्ये मुली मिळेल त्या गाडीने गावी गेल्या. पुस्तकं, गाद्या, हंड्या-पातेल्या खोलीतच राहिल्या. महिने उलटले तरी भाडं चालूच होतं. जागा अडलेली आहे हे काकूंचं म्हणणं, आम्ही तिथे नाही हे मुलींचं. शेवटी निम्म्यावर तुटलं. काकूंना वाटतं आपण निम्मं सोडलं, मुलीला वाटतं आपण निम्मं भरलं. दोघींचंही खरं आहे. फक्त त्या वर्षी मुलीच्या घरी सोयाबीन पावसात गेलं होतं आणि काकूंच्या घरी अठराचे शून्य झाले असते, हे दोघींनाही एकमेकींबद्दल माहीत नव्हतं. भिंत मात्र एकच होती.

मुलगी : तुम्ही म्हणता पेठ बिघडली. मला विचाराल तर इतकी चांगली जागा मी आजवर पाहिलेली नाही.

काकू : या गर्दीत? या एवढ्याशा खोलीत?

मुलगी : गर्दीमुळेच तर. आमच्या गावात दिवेलागणीनंतर मी एकटी किराणा दुकानापर्यंत गेले नाहीये. कधीच. इथे रात्री साडेदहाला अभ्यासिकेतून निघते, टपरीवर चहा पिते, मैत्रिणीशी पॉलिटीवरून भांडते आणि चालत येते. कुणी विचारत नाही कुणाची पोरगी म्हणून. कारण माझ्यासारख्या शंभरजणी रस्त्यावर असतात. तुमची ती शांत पेठ होती ना, खिडकीत काकू आणि ओट्यावर आजोबा, तिथे मला साडेदहाला चालता आलं असतं?

काकू : साडेदहाला कुठलीच चांगल्या घरची मुलगी चालायची नाही तेव्हा.

मुलगी : तेच म्हणते मी.

काकू : जास्त बोलू नकोस. तो कोयत्याचा प्रकार झाला तेव्हा? दिवसाढवळ्या झाला. तुझे वडील निघाले होते तुला न्यायला.

27 जून 2023. पेरुगेटजवळ सकाळी गजबजलेल्या रस्त्यावर एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागे लागला. चित्रफीत नंतर राज्यभर फिरली. पळणारी मुलगी आणि बाजूला सरकणारी माणसं. त्या गर्दीतून जे पुढे झाले आणि ज्यांनी त्याचा हात धरला, ती स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, पुण्याबाहेरून आलेली पोरं होती. नंतर त्यांचे सत्कार झाले, बक्षिसं झाली, आठवड्याभरात ती परत अभ्यासिकेत गेली. जुन्या वस्तीचा एक मोठा युक्तिवाद असतो की ओळखीची माणसं एकमेकांवर लक्ष ठेवतात, परकी माणसं आली की कुणाला कुणाचं काही राहत नाही. त्या दिवशी लक्ष परक्यांनीच ठेवलं. यावरून प्रत्येक कॉटवर एक वीर झोपतो असं मी म्हणणार नाही. बाजूला सरकलेल्यांतही अशी पोरं असतीलच. पण धर्मशाळा हा शब्द त्या दिवसानंतर मला जपून वापरावासा वाटतो.

काकू : ते पोरांनी केलं ते खरं. मी नाही म्हणत नाही. पण मी रात्री फाटकाला कुलूप लावते ते उगाच नाही.

मुलगी : कुलूप लावल्यानं मुली आत राहतात काकू. कोयतेवाला बाहेरच असतो.

काकू : तुझ्या आईनं मला फोन करून सांगितलंय, लक्ष ठेवा म्हणून.

मुलगी : आईनं?

काकू : दर महिन्याला करते. तुला सांगू नका म्हणते.

एका गोष्टीवर मात्र दोघींचं एकमत आहे. विसर्जन मिरवणुकीतला डीजे. काकूंच्या छातीत धडधडतं, मुलीचं पाठांतर जातं. ढोल-ताशावर पुन्हा मतभेद होतात. काकूंना तो मर्यादेत आवडतो, मुलगी म्हणते सराव दोन महिने आधीपासून कानाशी चालतो त्याला मर्यादा म्हणत नाहीत. या बाबतीत मी मुलीच्या बाजूने आहे, पण हे पेठेत मोठ्याने बोलण्याची माझी तयारी नाही.

आता ताजी गोष्ट. इमारतीतल्या काही सभासदांनी सोसायटीच्या सभेपुढे विषय आणला आहे की कॉट बेसिसवर जागा देणं बंद करावं, किंवा निदान त्या घरांकडून जादा आकार घ्यावा. पाणी सहा माणसांचं लागतं, जिना सहा माणसं झिजवतात, चपला सहा जोड बाहेर पडतात. तक्रारी खोट्या नाहीत. जादा आकार मागणाऱ्यांमध्ये एक गृहस्थ असे आहेत की ज्यांचं स्वतःचं घर गेली काही वर्षं बंद आहे आणि ते बाणेरला राहतात. काकू चिडल्या आहेत. नोटीस घेऊन त्या मुलींच्या खोलीत आल्या आणि खिडकीजवळच्या कॉटवर बसल्या, जे त्या एरवी कधी करत नाहीत.

काकू : तुझं अक्षर चांगलं आहे. एक अर्ज लिहून दे. सभेत मला बोलू देत नाहीत, मध्येच तोडतात.

मुलगी : किती जादा मागतायत?

काकू : मेंटेनन्सच्या दुप्पट.

मुलगी : दुप्पट घेताच येत नाही. मालक स्वतः न राहता जागा भाड्यानं देतो तेव्हा ते बिनभोगवटा शुल्क घेतात ना, नॉन-ऑक्युपन्सी, ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. शासनाचा 2001 चा आदेश आहे.

काकू : हे तुला कसं माहीत?

मुलगी : सहकाराच्या टॉपिकमध्ये वाचलं होतं. परीक्षेत काही आलं नाही.

काकू : लिही मग. “प्रति, मा. अध्यक्ष.” आणि लिही की मुली शांत आहेत, रात्री दहाच्या आत येतात.

मुलगी : दहा लिहू? खोटं होईल.

काकू : बरं, “वेळेत येतात” लिही.

मुलगी : आणि पाणी? सहाजणींचं पाणी लागतं हे खरंच आहे. नाकारलं तर सभेत हसतील. पाण्यापुरतं माणशी घ्या असं लिहूया का?

काकू : ते कोण देणार?

मुलगी : आम्ही देऊ. पण मग सभेला आमच्यातली एक येऊन बसणार.

काकू : सभासद नसलेल्याला बसता येत नाही.

मुलगी : बोलणार नाही. नुसती बसेन. तुम्हाला कुणी तोडलं तर कागद पुढे सरकवेन.

काकू : बघू. तू आधी लिही तर.

मुलगी : शेवटी एक ओळ घालते. बाथरूमचं छत गळतंय, वरच्या मजल्यावरून, दोन पावसाळे झाले.

काकू : ते यात नको. ते माझ्या नावानं वेगळ्या अर्जात लिही, आणि तारीख मागच्या महिन्याची टाक.

मुलगी : मागची तारीख नाही टाकणार.

काकू : मग आजची टाक. पण अक्षर जरा मोठं काढ, अध्यक्षांचा चष्मा नेहमी कोथरूडला राहिलेला असतो.